परिस्थिती बोलते ती घरातल्याच कोणाच्या तरी तोंडून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साहित्यातली पात्रं कुटुंब, गरिबी आणि समाज यातून कशी घडतात यावर रविवारच्या पुरवणीत लेख आला होता, तो वाचला. मेहनत दिसते लेखात, पण लेखकाने तीन खण केलेत, एक कुटुंबाचा, एक हालअपेष्टांचा, एक समाजाचा, आणि एकेक पात्र उचलून त्या त्या खणात ठेवून दिलंय. परीक्षेच्या गाईडमधे हे चालतं, तिथे पाच मार्काला तीन मुद्दे लागतात. कादंबरी वाचताना मात्र ही तीन कधी वेगवेगळी भेटतच नाहीत हो. समाज नावाचा कोणी माणूस पात्राच्या दारात येऊन उभा राहत नाही, तो बापाच्या, सासूच्या, दिराच्या तोंडून बोलतो, आणि गरिबी पण तशीच, ती कोणीतरी जवळच्याने दिलेल्या नकारातून कळते. एवढंच म्हणायचंय. पत्र लांबलंय, कापायचं झालं तर खालून कापा.

ह. ना. आपट्यांची यमू सगळ्यांना माहीत आहे. 'पण लक्षांत कोण घेतो' ही 1890 मधे सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आली, आणि तेव्हापासून आजपर्यंत यमूबद्दल एकच वाक्य लिहिलं जातं की ती रूढींची बळी. बरोबर आहे, पण वाचताना तुम्हाला राग कोणाचा येतो ते सांगा. रूढीचा राग येत नाही, सासरच्या वडीलधाऱ्या शंकरमामंजींचा येतो. नवरा गेल्यावर यमूच्या केसांना हात लावणारी रूढी हवेतून आलेली नाही, घरातल्या मोठ्या माणसाने न्हावी आणवला, बळजबरी केली. आणि गंमत अशी की याच यमूला लिहावाचायला लावणारा, तिच्याशी माणसासारखं बोलणारा नवरा रघुनाथरावही त्याच घरातला आहे. म्हणजे वाचन आलं ते सासरच्याच माणसाकडून आणि वस्तराही सासरच्याच माणसाकडून. नुसतं समाज समाज म्हटलं तर यातला रघुनाथराव कुठून आला हे सांगताच येत नाही. यमूची मैत्रीण दुर्गी बघा, तोच काळ, तेच वय, त्याच चालीरीती, पण नवरा वाईट मिळाला आणि तिच्या आयुष्याचं जे झालं ते यमूच्या लग्नातल्या सुखाच्या शेजारी ठेवून वाचलं की आपट्यांनी हे मुद्दाम केलंय हे दिसतं. ही दुर्गी लेखांमधून नेहमी गायब असते. मला तर कधीकधी वाटतं निम्मी कादंबरी दुर्गीत आहे.

दुसरं उदाहरण मराठी नाही पण मराठी वाचकाला परकंही नाही, प्रेमचंदांचं 'गोदान', 1936 चं. होरीला एक गाय हवी असते, बस, एवढंच. गाय येते, आणि सख्खा भाऊ हीरा तिला विष घालतो. मग दरोगा येतो आणि हीराच्या घराची झडती घ्यायची म्हणतो. आता इथे होरी काय करतो बघा, ज्या भावाने आपली गाय मारली त्याच्या घराची झडती म्हणजे घराण्याची अब्रू जाणार म्हणून हा कर्ज काढून लाच द्यायला निघतो. आणि धनिया, त्याची बायको, ती पैसे हिसकून तिथेच सगळ्यांसमोर उधळते आणि दरोग्याला पण ऐकवते. झोपडी एक, सावकार एक, जात एक, कर्ज तेच. तरी त्या घरातून होरी पण निघतो आणि धनिया पण. पुढे मुलगा गोबर विधवा झुनियाला घरी सोडून पळून जातो, नवराबायको तिला ठेवून घेतात, आणि पंच दंड ठोकतात. तेव्हा होरी स्वतःच्या डोक्यावरून धान्य वाहून पंचांच्या घरी टाकतो, आणि धनिया भांडून भांडून ते अडवायला बघते. बिरादरीची भीती होरीच्या आतच बसलीये, पंचांना त्याच्यावर काठी उगारायचीही गरज नाही. आणि मुलगा गोबर तिसऱ्याच टाइपचा, तो शहरात जातो, तिथे चार पैसे कमावतो आणि मग तिथली भाषा घेऊन घरी येऊन बापालाच अक्कल शिकवतो. तिघांना एकच परिस्थिती होती असं म्हणून मोकळं होणाऱ्या समीक्षकाला माझा साधा प्रश्न आहे, मग तिघं तीन का?

यावर कोणी म्हणेल स्वभाव. असेलही. पण स्वभाव म्हणून सोडून देणं हाही आळसच. धनिया बाहेरून त्या घरात आलेली आहे, त्या घराण्याची अब्रू तिला लहानपणापासून पाजलेली नाही, भावांना वाढवलं ते होरीने, त्यामुळे हीराचा अपराध झाकणं त्याला बापाचं कर्तव्य वाटतं आणि तिला मूर्खपणा. हे कुटुंबाच्याच आतलं गणित आहे, ते सोडवल्याशिवाय समाजापर्यंत पोचताच येत नाही.

लेखकांच्या स्वतःच्या आयुष्यात पण हेच सापडतं. चार्ल्स डिकन्सचं बघा. 1824 मधे त्याचा बाप कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात गेला आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं. हे सगळे सांगतात, आणि मग पुढे लगेच येतं की म्हणून त्याने गरीब मुलांवर लिहिलं. पण त्याने लिहून ठेवलेली खरी जखम वेगळी आहे. बाप सुटून आला, पुढे बापाचं त्या कारखान्यातल्या नातेवाइकाशी बिनसलं, पोराला काढून घेतलं, तेव्हा आईने भांडण मिटवून आणलं आणि मुलाला परत कामावर पाठवा म्हणाली. हे तो आयुष्यभर विसरला नाही. जिवंत असताना ही गोष्ट त्याने लोकांना कळू दिली नाही, 1870 ला तो गेल्यावर मित्राने लिहिलेल्या चरित्रातून ती बाहेर आली. कारखाना, उंदीर, उपासमार हे सगळं सहन झालं, आईचं एक वाक्य सहन झालं नाही. आणि बाप? ज्याच्यामुळे हे सगळं झालं त्याच्यावरून 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधला मिकॉबर झाला, कायम कर्जात, कायम आशेवर, आणि वाचकांचा सगळ्यात लाडका. आता सांगा, हे हालअपेष्टांच्या खणात टाकायचं का कुटुंबाच्या?

आपल्याकडे 'श्यामची आई'ला हल्ली रडकं पुस्तक म्हणून हसायची फॅशन आहे. हसा बापडे. साने गुरुजींनी 1933 मधे नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं, आणि त्यातले संस्कारांचे प्रसंग शाळेत इतके वापरून झालेत की बाकीचं पुस्तक कोणाला आठवतच नाही. बाकीचं पुस्तक कर्जाचं आहे. एका बऱ्या घराची पत उतरत जाते, सावकाराचा माणूस दारात बसून नाही नाही ते बोलतो, आणि श्याम ते बघतो. आईने सांगितलेल्या गोष्टींनी श्याम जितका घडला तितकाच आई बाप दुसऱ्यापुढे लहान होताना बघून घडला असं माझं मत आहे, आणि पुस्तकात त्याला भरपूर आधार आहे. आनंद यादवांचं 'झोंबी' (1987, आत्मचरित्रात्मक आहे, तरी इथे चालेल) त्याच्या शेजारी ठेवा. तिथे पोराची शाळा गरिबीने सुटली असं म्हणणं सोपं, पण पोराला मळ्यात जुंपून बाप स्वतः गावात हिंडतो हे यादवांनी अजिबात लपवलेलं नाही. मग आई आणि मुलगा मिळून गावातल्या एका वजनदार गृहस्थाकडे जातात आणि त्याच्याकडून बापाला दम भरवून घेतात. म्हणजे घरातल्या माणसाविरुद्ध समाजालाच घरात आणलं! हे असं उलटं पण होतं, आणि खरंतर हाच प्रसंग मला त्या पुस्तकात सगळ्यात हुशार वाटतो. त्या आईवर कोणी लेख लिहीत नाही.

माझ्या म्हणण्याला एक मोठी अडचण आहे, ती आधीच सांगून टाकतो नाहीतर कोणीतरी पुढच्या रविवारी पत्र लिहील. काही ठिकाणी समाज, म्हणजे सरकारच, सरळ येतं. विभावरी शिरूरकरांची 'बळी' 1950 ची. 1871 पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं, हजेरी लावायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. लेखिकेने सोलापूरच्या अशा वसाहतीत काम केलेलं होतं, ऐकीव नव्हे. तो कायदा देशभरात 1952 मधे रद्द झाला, म्हणजे कादंबरी त्याआधीच आली होती. इथे घरातल्या माणसाच्या तोंडून बोलायची गरजच नाही, पहारेकरी बोलतो. पण मग नीट बघितलं तर त्या कायद्याचा पायाच असा होता की बापाच्या जातीवरून पोर गुन्हेगार. कुटुंब हाच पुरावा. अण्णा भाऊंच्या 'फकिरा'त (1959) पण हजेरी आहे, दुष्काळ आहे, बाप राणोजीचा खून आहे, आणि भुकेल्या लोकांसाठी धान्य लुटणारा फकिरा शेवटी स्वतः हजर होतो तो कशासाठी, तर आपली माणसं सरकारने धरून ठेवलीत म्हणून. बंदुकीने जो सापडत नव्हता तो नात्याने सापडला. इंग्रजांना हे समीक्षकांपेक्षा चांगलं कळत होतं असं म्हणावं लागेल.

व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल' कादंबरीतल्या जाँ वालजाँबद्दल सगळे पावाची चोरी सांगतात. बहिणीच्या सात पोरांसाठी पाव चोरला, पाच वर्षांची शिक्षा, पळून जायचे प्रयत्न केले म्हणून ती वाढत एकोणीस वर्षं. ठीक. पण त्या सात पोरांचं पुढे काय झालं? ह्यूगो थोडक्यात सांगतो, तुरुंगात असताना त्याला बहिणीची खबर फक्त एकदा लागते. ती पॅरिसमधे एका छापखान्यात कामाला, बरोबर फक्त धाकटा मुलगा. तिला सहाला हजर व्हायचं आणि मुलाची शाळा उघडते सातला, त्यामुळे ते पोर थंडीत अंधारात तासभर शाळेच्या अंगणात बसून राहतं. बाकी सहा कुठे गेले ते तिलाही माहीत नाही. पुस्तकातला अगदी छोटा तुकडा आहे तो. मला एकोणीस वर्षांपेक्षा तो एक तास जास्त लागतो, कारण ज्यांच्यासाठी चोरी केली ती माणसंच उरली नाहीत, आणि त्यानंतर त्याच्या मनात त्यांच्याबद्दल काही उरत पण नाही, हे ह्यूगोने लिहायची हिंमत केली.

आणि ज्याने सगळं आनुवंशिकता आणि वातावरण यावरच सिद्ध करायला घेतलं होतं त्या एमिल झोलाचं काय झालं ते तर मजेशीर आहे. 1871 ते 1893, वीस कादंबऱ्या, एकाच घराण्यावर. त्यातल्या जेर्वेज या धोबिणीची, जी दारूपायी संपते, तिची चार मुलं, एक संपाचा पुढारी, एक चित्रकार, एक खुनी आणि गणिका झालेली मुलगी नाना. थिअरी काहीही असो, लिहायला बसल्यावर चौघं चार दिशांना गेली. त्यातला खुनी जाक तर जेर्वेजच्या मूळ कादंबरीत नव्हताच, झोलाला पुढे गरज लागली तेव्हा त्याने तो मागाहून घराण्यात घुसवला :)

पैशाची ददात नसली की पात्र घडत नाही असाही एक समज त्या लेखात आहे. 'कोसला'चा पांडुरंग सांगवीकर विसरलात काय? बाप गावात बऱ्यापैकी, पैसे पुण्याला येतायत, पोरगा उडवतोय. हाल कसले? पण बापाशी जे आहे ते आहेच, आणि बहीण मनी देवीच्या आजाराने जाते. त्यानंतरचा पांडुरंग आधीचा राहत नाही. त्यासाठी त्याला उपाशी ठेवायची गरज नेमाड्यांना पडली नाही.

हे सगळं एवढ्यासाठी लिहितोय की याचा परिणाम नवीन लिहिणाऱ्यांवर होतोय. कथास्पर्धांच्या कथा मी बऱ्याच वाचतो, त्यात आता फॉर्म्युलाच झालाय, बाप दारुडा, आई कष्टाळू, कर्ज, मग शहर, मग अपमान, आणि शेवटी नायक एकतर कलेक्टर नाहीतर आत्महत्या. दुःखाची यादी पूर्ण असते पण त्या घरात कोण कोणाशी कसं बोलतं हे एका ओळीत पण नसतं. दारुडा बाप शुद्धीवर असताना कसा असतो? बहिणीला काय वाटतं? आई कोणावर जास्त जीव लावते? हे नसलं की पात्राच्या जागी नुसता अर्ज उरतो, उत्पन्नाच्या दाखल्यासकट. परीक्षक पण मग 'दाहक वास्तव' लिहून बक्षीस देतात.

तर पुरवणीत या विषयावर पुढचा लेख घेणार असाल तर एक सुचवतो, नायक नायिका जरा बाजूला ठेवा. शंकरमामंजी, हीरा, 'झोंबी'तली आई, दुर्गी, डिकन्सची आई, अशांवर कोणाकडून तरी लिहून घ्या. आणि शंकरमामंजींवर लिहिणारा कोणी मिळालाच तर त्याला जागा जास्त द्या, जाहिरात एखादी कमी झाली तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक