शूमानच्या नियतकालिकाची दुसरी बाजू

महोदय,

रविवार पुरवणीतला जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमानवरचा लेख वाचला. मी पियानो शिकवते, त्यामुळे लेख आवडलाच. पण त्याने काढलेल्या 'नॉये त्साइटश्रिफ्ट फ्यूर म्युझिक' या संगीतविषयक नियतकालिकाची एका ओळीत बोळवण केलेली खटकली. लाइपझिगला 3 एप्रिल 1834 रोजी पहिला अंक निघाला तेव्हा तो अवघा 23 वर्षांचा होता. नुसत्या बोटांच्या कसरतीवर टाळ्या घेणाऱ्या वादकांची त्याला चीड. परीक्षणं लिहायची ती फ्लोरेस्टान आणि युसेबियस या कल्पित मित्रांच्या तोंडून, एक तापट, दुसरा हळवा. माझ्या विद्यार्थ्यांना ही जोडगोळी फार आवडते!

संपादकपद त्याने 1844 मध्ये सोडलं. पुढे 28 ऑक्टोबर 1853 च्या अंकात त्याने 20 वर्षांच्या संगीतकार ब्राम्सचं भरभरून स्वागत केलं, ते सगळेच सांगतात. पण त्याच पानांवर 1850 मध्ये संगीतकार वाग्नरचा ज्यूद्वेष्टा लेख टोपणनावाने छापून आला होता, ते कुणी काढत नाही. ज्यू कुळातल्या संगीतकार मेंडेलसोनला जाऊन तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती, आणि लेखाचा रोख त्याच्यावरही होता. नियतकालिकाचे तेव्हाचे संपादक फ्रान्झ ब्रेंडेल मेंडेलसोननेच स्थापन केलेल्या संगीत विद्यालयात शिकवत होते. तिथल्या सहकाऱ्यांनी त्यांच्या राजीनाम्याची मागणी केली. संपादकाची खुर्ची मात्र 1868 मध्ये मरेपर्यंत त्यांच्याकडेच राहिली आणि पुढच्याच वर्षी वाग्नरने तो लेख राजरोस स्वतःच्या नावावर काढला.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर ब्रेंडेल यांच्या कारकिर्दीवरही लिहावं.

– एक पियानो शिक्षिका, ठाणे