त्या संध्याकाळी तुम्ही लाँच काढली नाहीत

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव आणि गाव इथं लिहीत नाही. चारचौघांत आपलं नाव झालेलं तुम्हाला आवडायचं नाही, एवढं त्या एका रात्रीत मला कळलं. उजनी धरणाच्या करमाळ्याकडच्या काठावर तुमची लाँच लागते, एवढं सांगितलं तरी पुरे. तुमच्याकडं साधा फोन आहे, पण धाकटा मुलगा हे वाचून दाखवील. तो वाचायला बसला की काकूंनाही हाक मारा. यातले निम्मे आभार त्यांचे आहेत.

मे २०२३. सोलापूरहून सायकलवर आलेले मामा-भाचे आठवतात का? पोरगा पंधरा वर्षांचा, उन्हानं तोंड लाल झालेलं, आणि मी तुमच्याशी वाद घालणारा.

आम्ही का निघालो होतो हे तेव्हा नीट सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, पण मी रागात होतो. आमच्या घरी नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं. येतं तेव्हा तुमच्याच दारातून आलेलं असतं. थोडं उजनीवरून थेट जलवाहिनीनं, थोडं धरणातून नदीत सोडलेलं, औज बंधाऱ्यात अडवून टाकळीला उचललेलं. भाच्यानं एकदा बादल्या भरता भरता विचारलं, "मामा, उजनीच्या आधी हे पाणी कुठं असतं?" त्या एका प्रश्नावरून सुट्टीत भीमेच्या काठानं उलटं वर जायचं ठरलं. पंढरपूर, उजनी, दौंड, राजगुरुनगर आणि शेवटी भीमाशंकर, जिथं ती उगम पावते. ताईनं पोराला माझ्या भरवशावर सोडलं होतं. निघताना तिनं एकच वाक्य सांगितलं, "घाई करू नको."

पहाटे पाचला सिद्धेश्वर तलावापासून निघालो. लांबोटीला सीना ओलांडली, पहिला मुक्काम पंढरपूर. चंद्रभागेत त्या दिवसांत काय पाणी असणार, तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी टेंभुर्णी, मग कंदरच्या केळीच्या बागा, मग जेऊर. अकरानंतर डांबर तापून चाकाखाली चिकटायला लागलं. आम्ही एका पिंपळाखाली साडेतीन वाजेपर्यंत पडून राहिलो, आणि तिथंच उशीर झाला. बेत असा होता की पाचच्या आत तुमच्या लाँचनं पलीकडं इंदापूरच्या बाजूला उतरायचं आणि तिथल्या मित्राच्या घरी झोपायचं. लाँच नाही मिळाली तर मागं टेंभुर्णी आणि तिथून ६५ नंबरचा हायवे. रात्री ट्रकांच्या रांगेत पोराला घालायची माझी तयारी नव्हती. म्हणून पाण्यावरचा रस्ता मला सुरक्षित वाटत होता. त्या क्षणी माझ्या डोक्यात खरंच हेच गणित होतं.

तुम्ही काठावर जाळं शिवत बसला होता. उन्हाळ्यानं पाणी मागं हटलेलं, भेगाळलेल्या गाळातून आम्ही सायकली ढकलत खाली आलो. पाणी इतकं शांत होतं की तुमच्या लाँचची सावली त्यात हलत नव्हती. मी विचारलं, "काका, दोन माणसं, दोन सायकली, पलीकडं." तुम्ही माझ्याकडं बघितलंच नाही, मावळतीकडं बघितलं.

"आज न्हाई, पाव्हणं."

मी कारण विचारलं. तुम्ही म्हणालात, "वारं पडलंय." मला अर्थच लागला नाही. वारं पडलं म्हणजे चांगलंच की! मग तुम्ही सुईनं आभाळाकडं दाखवलं. पश्चिमेला पलीकडच्या काठाच्या वर मळकट पिवळा पट्टा होता, मला नुसता धुरळा वाटला. तुम्ही सांगितलंत की वैशाखात दुपारभर वाहणारं वारं असं एकाएकी पडलं आणि तिकडं असा रंग दिसला की वळीव कुठंतरी जमतोय. तो पोचायच्या आधी त्याचं वारं पोचतं. आणि इथं काय नदी नाही, मैल-मैल उघडं पाणी आहे, वाऱ्याला अडवायला मधे काही नाही. "लाटा आडव्या लागल्या की लाँच बी पालथी होती, मग होडीचं काय घिऊन बसलाव."

मी दुप्पट पैसे देतो म्हणालो. मग तिप्पट. मग, हे लिहिताना अजून जीभ जड होते, मी म्हणालो की एवढ्या शांत पाण्याला भ्यायचं असेल तर लाँच कशाला ठेवायची. तुमच्या बाजूला बसलेले दोन गडी चपापले. तुम्ही मात्र दोरा दातानं तोडलात, गाठ मारलीत आणि भाच्याला विचारलंत, "जेवलास का रं?"

त्या संध्याकाळी वादळ आलंच नाही.

मावळतीला दोनदा चमकलं, थोडा धुरळा उडाला, तुमच्या पत्र्यावर चार थेंब वाजले आणि आभाळ मोकळं झालं. साडेसातला चांदण्या. मी अंगणात उभा राहून पलीकडचे दिवे बघत होतो. तिथं पोचायला आम्हाला फार वेळ लागला नसता. मी तुम्हाला ते बोलूनही दाखवलं, "काका, गेलो असतो की."

तुम्ही हो म्हणालात. "गेला असता. मी बी सुखरूप म्हागारी आलो असतो. पर कुठलं आभाळ खरं आन् कुठलं खोटं, ते आधी कोण सांगतंय?"

काकूंनी चुलीवर भाकरी थापल्या, चिलापी मासळी तळली. आमच्या बॅगेत सोलापूरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी होती, ती काढली. काकूंनी कडक भाकरी हातात घेऊन टिचकी मारून बघितली आणि म्हणाल्या, "ही पाण्यावर टिकंल, घिऊन जात जा लाँचवर." पोरगं पहिल्यांदा हसलं. त्याला तुम्ही खाटेवर जागा दिलीत आणि स्वतः सतरंजीवर आडवे झालात. झोपताना त्यानं विचारलं, पाण्याखाली काय आहे? तुम्ही म्हणालात, "आमचं गाव." १९८० साली धरण पुरं झालं तेव्हा तुम्ही भाच्यापेक्षाही लहान होता. दारातली चिंच, वेस, मारुतीचा पार, सगळं खाली. तुमचे वडील शेतकरी होते. होडी चालवायला ते पाणी आल्यावर शिकले आणि मग तुम्हाला शिकवलं. हे सगळं भाच्यानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी तेव्हा भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घेतलं होतं.

पहाटे साडेपाचला तुम्ही हाक मारलीत. तो तास मी मिनिटामिनिटानं सांगू शकतो.

तुम्ही सायकली उचलून आत घेतल्या आणि आडव्या ठेवल्या. चेन असलेली बाजू वर. खाली जुनी ट्यूब आणि पोतं. जाळ्याच्या दोरीनं बांधल्या, पण गाठ अशी की एका ओढीत सुटावी. ती तुम्ही भाच्याकडून दोनदा सोडवून घेतलीत. मग म्हणालात, "बूट काढा. पाठीवरची पिशवी काढा." माझे बूट सायकलचे, तळाला लोखंडी पट्टी असलेले. पाण्यात पडलं तर बूट आणि पिशवी दोन्ही खाली ओढतात, हे इतकी वर्षं सायकल चालवून माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. लाइफ जॅकेट होती तीनच, रंग उडालेली. पहिलं भाच्याला घातलंत आणि पट्टा ओढल्यावर खांद्याला धरून त्याला वर उचलून बघितलंत, जॅकेट निसटून वर येतं का ते. निसटत होतं. पट्टा आणखी दोन बोटं आवळलात. मग मला दिलंत. मग हँडल मारून इंजिन सुरू केलंत.

पाणी तांबूस होतं. उथळ बाजूला रोहित पक्ष्यांचा थवा होता, भिगवणला लोक लांबून मुद्दाम बघायला येतात ते. मधोमध आल्यावर तुम्ही इंजिनाचा आवाज कमी केलात आणि भाच्याला नुसतं बोटानं खाली दाखवलंत. त्यानं काठावरून वाकून बघितलं नाही, हात जोडले.

पलीकडं उतरल्यावर पैसे काढले तर तुम्ही रोजचं तिकीट घेतलंत, दोन माणसं आणि दोन सायकली. रात्रीचं काही नाही. मी "येतो" म्हणालो. "आभारी आहे" हा शब्द तोंडातून निघाला नाही. मनात अजून हेच होतं की एक दिवस वाया गेला.

मग २१ मे २०२४. संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट तुमच्याच पाण्यात उलटली. सात जणांतला एक पोहून काठाला आला. सहा गेले, त्यात दोन लहान लेकरं. शोध घ्यायला एनडीआरएफ आलं. त्या बातमीतल्या कशावरही बोलायचा मला हक्क नाही. ती माणसं घरीच निघाली होती, आमच्यासारखीच, आणि पाणी त्यांनाही शांतच दिसलं असेल. मी पेपर खाली ठेवला आणि ताईकडं गेलो. भाचा अभ्यासाला बसला होता. मी दारातच उभा राहिलो. त्यानं विचारलं, "मामा, काका बरे आहेत ना?" त्यानंही वाचलं होतं. तुम्हाला फोन लावला, तो लागला नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी उचलला आणि म्हणाल्या, "त्ये गेल्यात शोधायला." तुम्ही होडी घेऊन पाण्यावर होता.

त्या दिवशी मला उमगलं की तुम्ही आम्हाला काय दिलंत. वादळ आलं असतं आणि तुम्ही वाचवलं असतं, तर मी तिथंच पाया पडलो असतो. पण वादळ आलं नाही, आणि तरी तुम्ही थांबवलंत. बुडालेल्या धंद्याचं, पाहुण्याच्या कुजकट बोलण्याचं ओझं एकट्यानं घेतलंत आणि वर जेवू घातलंत. आम्ही पुढं भीमाशंकरला पोचलो, एक दिवस उशिरा. भाच्यानं तिथलं पाणी बाटलीत भरून आणलं, ती बाटली ताईच्या देवघरात आहे.

काका, त्या बोलण्याबद्दल माफी मागतो. आणि आभार मानतो, त्या "आज न्हाई"चे, काकूंच्या भाकरीचे, आणि पोराच्या जॅकेटचा पट्टा दोन बोटं आवळल्याचे.

शिरसोडी-कुगावचा पूल होतोय. पूल झाला की तुमच्या बाजूच्या लोकांचा इंदापूरचा वळसा वाचेल, आणि व्हायलाच हवा. पण तोवर आणि त्यानंतरही, पाण्याकाठी फिरणाऱ्या सायकलवाल्यांना माझं सांगणं आहे. नावाडी नाही म्हणाला तर घासाघीस करू नका. बेतात एक दिवस मोकळा ठेवा.

हे मला भाच्यानंच शिकवलं. तो आता कोकण किनाऱ्याच्या सायकल प्रवासाचा बेत करतोय. तिथं खाड्या ओलांडायला मोठ्या फेरीबोटी आहेत, मोटारीसुद्धा जातात त्यांत: दिघीहून आगरदांडा, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. त्यानं वहीत दिवसवार सगळं मांडलंय, कुठं मुक्काम, कुठं किती किलोमीटर. मधे एका दिवसापुढं काहीच नाही, फक्त दोन शब्द आहेत: "काकांचा दिवस."

काकूंसाठी शेंगाचटणी आणि कडक भाकरीचे दोन पुडे पाठवतोय. भाकरी लाँचवर न्या.

तुमचा,
सोलापूरचा सायकलवाला मामा