इंजिन काढून बोट वाऱ्यावर सोडू नका

संपादक महोदय,

गोव्यात मांडवी नदीला ओहोटी लागली की आमच्या रायबंदरच्या बाजूला खारफुटीच्या मुळांत अडकलेल्या बोटींच्या फायबरच्या बॉड्या उघड्या पडतात. इंजिन काढून नेलेलं, नोंदणी क्रमांक खरवडलेला. कुणाच्या तरी हौसेच्या बोटी होत्या या. सध्या आमच्याही घरात बोट विकण्याची बोलणी चालू आहेत, म्हणून हे पत्र लिहिते.

आमची बोट २२ फुटी, ४० अश्वशक्तीच्या आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाची. बाबांनी १९९६ साली घेतली. तिच्यातून आम्ही चोडणचे पक्षी पाहिले, कुंभारजुव्याच्या कालव्यात चिखलावर पहुडलेल्या मगरी पाहिल्या. आता बाबा नाहीत, दादाचे गुडघे साथ देत नाहीत, मुलं पुण्याला. तरी दादा विकायला तयार नव्हता. पण बांधून ठेवलेली बोट जास्त खराब होते. तळाला शिंपले चढतात, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साकळतं, गोड्या पाण्याने धुतलं नाही तर इंजिनात मीठ धरतं. पाण्यात न्यायचीच नसेल तर ठेवायची कशाला, हे शेवटी त्यालाही पटलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते नुसत्या इंजिनासाठी. "बॉडीचं तुम्ही बघा," म्हणाला. जुन्या बोटीत खरा पैसा इंजिनाचा, त्यामुळे असा सौदा चटकन होतो. मागे उरते ती बॉडी. भंगारवाला लोखंड नेतो, ॲल्युमिनियम नेतो, फायबरला हात लावत नाही. ते कुजत नाही, जाळलं तर विषारी धूर. मग कुणीतरी रात्रीच्या भरतीवर ती सोडून देतो. खारफुटीतल्या बॉड्या येतात त्या अशा.

दुसऱ्याला पर्यटकांच्या फेऱ्या मारायच्या होत्या. भाव उत्तम देत होता. आमची नोंदणी खासगी वापराची, हे सांगितलं तर म्हणाला, "ते मी बघून घेतो." तिथेच आम्ही नाही म्हटलं. २०२४ च्या नाताळात कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एकाचा जीव गेला, ते विसरता येत नाही. बाबांच्या बोटीत कुणी क्षमतेपेक्षा जास्त माणसं कोंबावीत, हे पैशासाठीही मला मान्य नाही.

आम्ही ती इंजिनासकट, अख्खीच विकणार आहोत, आणि दोष लपवून नाही. इंजिन ज्या मागच्या फळीवर बसतं, तिच्या आत प्लायवूड असतं. बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं, बाहेरून कळत नाही. लाकडी हातोडीने ठोकत गेलं तर चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. आमच्या बोटीत डाव्या बोल्टाखाली बद्द वाजतं. तिथे खडूने खूण केली आहे. घेणाऱ्याने तेवढी किंमत कमी करावी, आमची हरकत नाही. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, त्याच्या मेकॅनिकने मोजावं, आणि भर नदीत चालवून पाहावं. म्हणूनच पावसाळ्यात ताडपत्रीखाली सौदा करायचा नाही, दिवाळीनंतर बोट पाण्यात उतरवून करायचा असं ठरलं आहे.

माझ्यासारख्या मालकांना एक कळकळीची विनंती. नुसत्या स्टॅम्पपेपरवर सही करून बोट हवाली करू नका. बंदर कप्तान खात्याच्या नोंदणीत नाव बदलेपर्यंत कागदोपत्री ती तुमचीच असते. उद्या तिच्यावरून कुणी बुडालं तर विचारणा तुमच्याकडे होईल.

आणि खात्याला विनंती अशी की, नोंदणी रद्द करताना बॉडीचं काय केलं हे मालकाला विचारावं, आणि टाकाऊ बॉड्या जमा करायला नदीकाठी एखादी जागा ठरवून द्यावी. त्यासाठी शुल्क लावलं तरी चालेल, आम्ही ते आनंदाने भरू.

आपली,
एक वाचक, रायबंदर