तिथीची पाऊणपट

गुहागर,
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवाच्या टपालाने पोहोचले. दक्षिण फ्रान्समधल्या त्या जुन्या कालव्याचे, कनाल द्यु मिदीचे वर्णन मी दोनदा वाचले आणि मग रात्री जेवणे झाल्यावर हिला मोठ्याने वाचून दाखवले. ताशी आठ किलोमीटरांपेक्षा जास्त वेगाने होडी हाकायची नाही आणि जलपाशावरचा, म्हणजे होडी वरखाली करणाऱ्या दारांच्या हौदावरचा, रखवालदार जेवायला गेला की मागे कितीही होड्या तुंबल्या तरी तो परत येईपर्यंत सर्वांनी मुकाट्याने थांबायचे, हे दोन नियम आम्हां दोघांनाही फार आवडले. तशीच एक संथ सफर आपल्या वाशिष्ठीच्या खाडीतून, दाभोळपासून चिपळूणपर्यंत, शाळेतल्या जुन्या मंडळींना घेऊन करावी, हा तुझा बेत मला मनापासून मान्य आहे. त्या बेताचे तू पाठवलेले वेळापत्रक मात्र मला मान्य नाही, आणि हे पत्र लांबणार आहे ते त्याच कारणाने.

तुझे म्हणणे असे की २६ जानेवारीला जोडून येणाऱ्या सुटीत, सकाळी न्याहारी आटोपून दहा वाजता दाभोळहून निघावे, दोन वाजता गोवळकोटच्या धक्क्याला लागावे आणि चिपळुणात जेवून ज्याने त्याने आपापल्या गावी परतावे. पुण्यात इतकी वर्षे काढलेल्या माणसाला हे सरळ वाटणारच, कारण तुमच्या नदीला पूर येतो किंवा येत नाही, एवढ्या दोनच अवस्था तुम्हांला ठाऊक. तू लहानपणी इथे होतास तेव्हा तरीची होडी कधी धोपाव्याच्या पायरीला लागे आणि कधी आपल्याला चिखलात उतरवी, ते आता तुझ्या लक्षात राहिलेले दिसत नाही.

तुझ्या कालव्यात पाणी माणसाने बांधून ठेवले आहे. तो कालवा बांधणारा रिके हा मिठावरचा कर वसूल करणारा मक्तेदार. त्याने १६६६ साली काम सुरू केले, १६८१ साली तुलूझपासून भूमध्य समुद्राच्या काठापर्यंतचा २४० किलोमीटरांचा कालवा वाहता झाला, आणि काही महिने आधीच, १६८० साली, तो वारला, हे ऐकून हिने पत्र वाचणे मध्येच थांबवायला लावले होते. त्याची खरी करामत मला पाण्याच्या सोयीत दिसते. समुद्रसपाटीपासून १८९ मीटर उंचीवरच्या नोरूझच्या खिंडीत त्याने डोंगरातले ओढे वळवून आणले आणि तेच पाणी दोन्ही अंगांना उतरवले. बेझिएजवळच्या त्या पाण्याच्या जिन्यावर तुमची होडी एका जलपाशातून दुसऱ्यात चढत गेली, तेव्हा दारे लावणारा, पाणी सोडणारा आणि हाताने खुणा करणारा माणूस काठावर उभा होता. आपल्या खाडीत ते काम चंद्र करतो, आणि तो जेवणाची सुटी घेत नाही.

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे गणित तुझ्या वडिलांनीच आपल्याला पडवीत बसवून शिकवले होते. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणून दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास भरती पूर्ण. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाला. त्यातून सव्वासहा तास वजा केले की आधीच्या ओहोटीची वेळ हाती येते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून होडी हाकणारा तांडेल छापील कोष्टक पाहतो, पण घरात बसून बेत आखायला एवढे पुरते. शिवाय खाडीच्या मुखाशी भरती पूर्ण झाली तरी ती वर गोवळकोटला पोहोचायला बराच वेळ लागतो, म्हणजे पाण्याच्या पाठोपाठ निघालेल्या होडीला ते पाणी दूरवर सोबत करते. हे सोडून केवळ सुटी पाहून दहा वाजता निघायचे ठरवले आणि नेमकी तेव्हाच ओहोटी लागलेली असली, तर इंजिन ओरडत राहील, डिझेल जळत राहील आणि काठावरचे तेच माडाचे झाड अर्धा तास आपल्याकडे पाहत राहील.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी माझे मेहुणे सहकुटुंब आले होते, त्यांना घेऊन मी खाडीत गेलो. एका काठावर नारळपाणी पिण्यात आमचा वेळ गेला. तांडेल दोनदा म्हणाला, ‘भाऊ, पाणी सुटलंय, निघू या’, आणि दोन्ही वेळा मी ‘पाच मिनिटे’ म्हणालो. चूक सर्वस्वी माझी होती. वळणावरच्या गाळात होडीचा तळ इतका हळुवार टेकला की प्रथम कुणाला कळलेच नाही. इंजिनाने काळे पाणी उडवले, मग नुसता चिखल उडवला, मग तांडेलाने ते बंद केले. पाहता पाहता पाणी आमच्यापासून वीस हात दूर गेले. चिखलातून बुडबुडे फुटल्यासारखा बारीक चटचट आवाज येऊ लागला, निवट्या उड्या मारत होडीच्या अगदी जवळ आल्या, आणि एक चिंबोरी बिळाच्या तोंडाशी बसून एक नांगी वर धरून आमच्या मेहुणीबाईंकडे रोखून पाहत राहिली. उतरून चालावे तर मांडीपर्यंत गाळ. साडेचार तास आम्ही तसेच बसलो. तांडेल फळीवर आडवा होऊन शांतपणे झोपला. पाणी परत येऊन होडी पहिल्यांदा हलली, तेव्हा तो आपोआप उठला.

म्हणून माझी सूचना अशी आहे की २६ जानेवारी सोडून द्यावी आणि पौष वद्य द्वितीया व तृतीया हे दोन दिवस धरावेत. खरे उधाण पौर्णिमेच्याच दिवशी नसते, एक-दोन दिवसांनी येते. त्यामुळे या दोन तिथींना आत येणाऱ्या पाण्याला चांगली ओढ असेल. द्वितीयेला ओहोटी सकाळी सव्वासातच्या सुमारास संपेल, तृतीयेला आठच्या. म्हणजे पहिल्या दिवशी पाणी वळताच साडेसातला निघायचे आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ तासभर उशिरा, ही तुझ्या न्याहारीची सोय चंद्रानेच केली आहे असे समज. रात्री जेवणे होईपर्यंत चंद्र उगवलेला असेल, हा वरचा लाभ. आणि चतुर्थीला संकष्टी आहे. आपल्यातल्या निम्म्या मंडळींचा त्या दिवशी उपास असतो, तेव्हा माशांचे जे काही करायचे ते तृतीयेच्या दुपारपर्यंत उरकलेले बरे.

प्रतिपदेला दुपारपर्यंत सर्वांनी माझ्याकडे यावे. संध्याकाळी फेरीबोटीने धोपाव्याहून दाभोळला जाऊन यायचे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानातून परत निघाला तो याच बंदरातून. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे शहर जाळले. आणि तरीही १५५९-६० मध्ये विजापूरच्या अमदानीत पाण्याच्या कडेला ती घुमटाची मशीद उभी राहिली, जी तुला फक्त क्रिकेटचा चेंडू हरवायची जागा म्हणून आठवत असेल. गुहेतल्या चंडिकेचे दर्शनही घ्यायचे. आत अजूनही समईच्याच उजेडात वाकून जावे लागते, तेव्हा गुडघेदुखीवाल्यांना आधीच सांगून ठेव.

पहिल्या दिवशी फक्त परचुरीच्या आसपासपर्यंत जायचे. अंतर थोडे आहे, अकरापर्यंत आपण पोहोचू, आणि तू नक्की विचारशील की उरलेला दिवस काय करायचे. उरलेल्या दिवसासाठीच तर मी हा मुक्काम घातला आहे. या खाडीत मगरी आहेत, आणि हिवाळ्यात त्या ऊन खायला चिखलाच्या काठावर येतात; पण भरतीला तो चिखलच पाण्याखाली असतो. म्हणजे जे पाणी आपल्याला सुखाने वर नेते, तेच मगरी झाकून टाकते. दीडला भरती पूर्ण होईल, साडेतीनपासून काठ उघडे पडू लागतील, तेव्हा जेवून, वामकुक्षी करून, एक लहान फेरी मारायची आणि अंधाराच्या आत परतायचे. मगर दिसेलच असे मी कुणाला वचन देणार नाही. होडीच्या काठावरून पाण्यात हात सोडून बसायचे नाही, एवढे मात्र डॉक्टरांना बजावून ठेव. ते पोहण्याच्या गोष्टी फार करतात.

दुसऱ्या दिवशी खेडकडून येणारी जगबुडी वाशिष्ठीला मिळते ती जागा, मग मालदोली, मग गोवळकोट. दोन्ही बाजूंना कांदळवन आहे आणि त्यामागे खाजणातली शेते. या पट्ट्यात इंजिन मधूनमधून बंद करून नुसते भरतीवर वाहत जायचे, असे तांडेलाशी मी बोलून ठेवले आहे. २०१६ च्या कायद्याने हा ४५ किलोमीटरांचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ झाला आहे. कागदावर राष्ट्रीय, पाण्यावर दोन पगार, म्हणजे लहान होडकी, आणि एक बगळा. एके काळी कुंभार्ली घाटाने उतरलेला देशावरचा माल गोवळकोटला पडावांत भरला जाई आणि दाभोळला मोठ्या गलबतांवर चढे. आपण जाणार आहोत ती तीच वाट, फक्त उलट्या दिशेने.

चिपळूणजवळ एक वेगळी अडचण आहे. कोयनेचे पाणी पोफळीकडे वीज निर्माण करून अवजल म्हणून वाशिष्ठीत सोडले जाते, त्यामुळे नदीला उन्हाळ्यातही ओढ असते, आणि ती ओढ विजेच्या गरजेप्रमाणे कमीजास्त होते. त्यात २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर नदीतला गाळ मोठ्या प्रमाणावर उपसला गेला, त्यामुळे जुन्या माणसांना पाठ असलेला तळ आता कित्येक ठिकाणी बदलला आहे. म्हणून शेवटच्या तासाभराच्या प्रवासापुरता त्या भागातलाच एक माहीतगार होडीत घ्यावा, असे वेलदूरच्या आपल्या तांडेलाने स्वतःहून सुचवले. ज्या तांडेलाला आपल्याला काय ठाऊक नाही ते ठाऊक आहे, त्याच्या हाती मी निर्धास्तपणे सुकाणू देतो. गोवळकोटला एकच्या आसपास लागू. किल्ल्याची चढण लहान आहे, ज्यांना झेपेल त्यांनी चढावी, बाकीच्यांनी करंजेश्वरीच्या देवळात टेकावे. मुंबईकरांना संध्याकाळची गाडी चिपळूण स्थानकावर आरामात मिळेल.

होड्यांविषयी तू घरासारखी सजवलेली मोठी बोट घेऊ या असे लिहिले आहेस. मी दोन लहान फायबरच्या होड्या सांगितल्या आहेत, वर ताडपत्रीचे छप्पर, प्रत्येकीत आपल्यापैकी चार जण, एक तांडेल आणि एक खलाशी. लहान होडी काठाला लागते, आणि एकीचे इंजिन रुसले तर दुसरी तिला दोर लावून ओढते. गैरसोय एकच आहे आणि ती स्पष्ट लिहितो: होडीवर शौचालय नाही. म्हणून दर दीड-दोन तासांनी जिथे पायऱ्या शाबूत आहेत आणि जवळ ओळखीचे घर आहे, अशाच धक्क्याला थांबायचे; ती घरे मी स्वतः जाऊन पाहिली आहेत. जीवरक्षक जाकीट प्रत्येकाने निघाल्यापासून उतरेपर्यंत घालायचे, फोटोसाठीही काढायचे नाही. खर्च आठांत सारखा वाटू, आणि दोघा तांडेलांना दोन पूर्ण दिवसांची मजुरी द्यायची. फेरीच्या हिशेबाने पैसे ठरले की माणूस घाई करतो, मग आपल्या संथपणाला अर्थ राहत नाही.

पहाटे खाडीवर मतलई वारा बोचरा असतो, तेव्हा कानटोपी आण. दुपारी समुद्रावरून खारा वारा पाठीशी येईल तेव्हा ती काढशील. पहिल्या सकाळी ही घावन आणि नारळाची चटणी डब्यात देणार आहे. परचुरीला उकड्या तांदळाचा भात, बोयांचे कालवण आणि सोलकढी. शाकाहारी मंडळींना कुळथाचे पिठले. तुझा तो गाणी वाजवणारा डबा मात्र पुण्यातच राहू दे. दुर्बीण आण.

वहिनींना होडीची भीती वाटते असे तू लिहिलेस. त्यांना सांग की पहिल्या दिवशी माझ्या होडीत, तांडेलाच्या शेजारची जागा त्यांची. तिथे हेलकावा सर्वांत कमी बसतो आणि पुढचे सगळे दिसते. तरीही नको वाटले तर त्यांनी आणि हिने गाडीने परचुरीला यावे, आम्ही काठावर हाक मारू.

पौषात तांडेलाच्या पुतणीचे लग्न आहे आणि तारीख अजून ठरायची आहे. तेव्हा तुझा होकार मला मार्गशीर्ष लागण्यापूर्वी हवा, म्हणजे ते लग्न आपल्या द्वितीया-तृतीयेवर येणार नाही याची तजवीज मी मुलीच्या बापाशी बोलून करतो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा,
पडवीतला सोबती