सही माझी, आराखडा दुसऱ्याच शाळेचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘पालकांच्या उदासीनतेमुळे शाळा व्यवस्थापन समित्या कागदावरच’ हे आपल्या जिल्हा पानावरील परवाचे वृत्त वाचून फार वाईट वाटले. त्यात शिक्षण विभागाच्या तीन अधिकाऱ्यांची मते आहेत, पालकाचे मात्र एकही नाही. मी दोन वर्षे एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते. शाळेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी मुलगी आजही तिथेच शिकते आणि तिथले दोन शिक्षक चार वर्ग जिवापाड सांभाळतात.

२०२३ मध्ये आम्ही शाळा विकास आराखडा तयार केला. शनिवारची सकाळची शाळा सुटली की बसायचे, असे सलग तीन शनिवार बसलो आणि त्यासाठी दोघी जणींनी अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडले. एकीने घरून शिवणकामाची टेप आणून मुलींच्या स्वच्छतागृहापासून हापशापर्यंतचे अंतर मोजले, कारण स्वच्छतागृहातील नळाला पाणी नाही आणि सात-आठ वर्षांच्या मुली हापशावरून बादली वाहून आणतात. दुसरीच्या खोलीच्या वाशांना वाळवी लागली असून पावसाळाभर तो वर्ग व्हरांड्यात भरतो, खोलीच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती वापरास अयोग्य ठरवून पाडण्याचा, प्रस्ताव बांधकाम विभागाकडे पडून आहे, हे सारे आम्ही तारखांसह लिहिले. हाताने लिहिलेली ती अकरा पाने मुख्याध्यापकांनी केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांचे काम पाहणाऱ्या केंद्रशाळेत, पोहोचवली आणि आठवडाभरात ‘दिलेल्या नमुन्यात भरून द्यावे’ असा निरोप आला.

त्यानंतर एके दिवशी संध्याकाळी चौथीतला एक मुलगा इतिवृत्ताची वही आणि त्यात ठेवलेला एक सुटा कागद घेऊन माझ्या दारात उभा राहिला. ‘सरांनी सही मागितली आहे, उद्या सकाळी तालुक्याला द्यायचे आहे,’ असे त्याने सांगितले. कागदावर माझे पद छापलेले होते आणि वरची जागा कोरी होती. चुलीवर भाकरी होती, पोर ताटकळत होते, सरांवर विश्वास होता, म्हणून मी सही केली. ती माझी चूक होती आणि ती मी लपवणार नाही.

पुढे वर्षभर खोलीचे काही झाले नाही, तेव्हा मी माहितीच्या अधिकारात आमच्या आराखड्याची प्रत मागवली. दहा रुपयांचा अर्ज आणि पानाला दोन रुपये भरून जे हाती आले त्यात व्हरांडा नव्हता, हापसा नव्हता, निर्लेखनही नव्हते. त्यात ‘क्रीडांगण सपाटीकरण’ ही पहिल्या क्रमांकाची मागणी होती. आमच्या शाळेला क्रीडांगणच नाही. पटसंख्येच्या रकान्यात तर शेजारच्या गावातील शाळेचा आकडा तसाच राहिला होता आणि खाली अध्यक्ष म्हणून माझी सही होती.

मी मुख्याध्यापकांना दोष देत नाही. एकाच दिवशी ऑनलाइन माहितीच्या चार-चार लिंक भरायला सांगितल्यावर त्या माणसाने आराखडा कधी लिहायचा? शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामाला लावू नये असे सांगते, परंतु पोर्टलवरच्या माहितीचे हे रोजचे ओझे कोणाच्या हिशेबातच धरले जात नाही. त्यावरही आपण एकदा लिहावे.

त्याच कायद्याने समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे ठरवले आहे, आणि कलम २२ नुसार समितीने केलेला आराखडा हाच शासनाच्या व स्थानिक प्राधिकरणाच्या नियोजनाचा आणि अनुदानाचा पाया असला पाहिजे. पायाच जर एका शाळेवरून दुसऱ्या शाळेवर उतरवून घेतलेला असेल, तर वर उभ्या राहणाऱ्या जिल्ह्याच्या नियोजनात आमच्या मुलांच्या गरजा येणार कुठून? पन्नासेक मुलांच्या आमच्यासारख्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला २५,००० रुपयांचे संयुक्त अनुदान ठरलेले आहे, त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो, आणि वीजबिल, साहित्य, किरकोळ दुरुस्ती हेही त्यातूनच भागवायचे. नवी खोली त्या पैशात होत नाही. त्यासाठी जिल्हा परिषदेकडेच जावे लागते.

तिथेही आमचे ऐकायला कोणी नव्हते. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. सदस्य गेले तशी शिक्षण समितीही गेली. एरवी गटातल्या सदस्याला गाठून ‘आमच्या खोलीचा विषय शिक्षण समितीत घ्या’ असे सांगता येत असे. ज्या काळात आम्ही अकरा पाने लिहिली, त्या काळात निर्णय घेणारे आणि त्यांना जाब विचारणारे वेगळे उरलेलेच नव्हते. त्या वर्षानंतर आमच्या बैठकीला बारापैकी चार जण येऊ लागले. यालाच आपल्या वृत्तात उदासीनता म्हटले आहे. ज्या बाईने मजुरी बुडवून टेपने अंतर मोजले, तिला पुन्हा बैठकीला या असे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

प्रशासनाकडे माझी मागणी एवढीच आहे की, केंद्रावर जमा झालेला प्रत्येक आराखडा त्या त्या शाळेच्या फलकावर लावावा, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवावा आणि त्यातील प्रत्येक मागणीला मंजूर, नामंजूर की प्रलंबित, हे कारणासह लेखी कळवावे. कोऱ्या कागदावर अध्यक्षांची सही घेणे ताबडतोब बंद व्हावे.

आमच्या अकरा पानांची झेरॉक्स आणि माहिती अधिकारात मिळालेली प्रत, दोन्ही माझ्याकडे आहेत. आपल्या प्रतिनिधीने कधीही यावे, मी दोन्ही समोर ठेवीन आणि व्हरांड्यात भरणारा दुसरीचा वर्गही दाखवीन.

आपली नम्र,
एक पालक व माजी अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती
(कृपया नाव व गाव छापू नये.)