लाटांच्या विजेआधी पावसाळ्यातले डॉल्फिन मोजा

संपादक महोदय,

समुद्राच्या लाटांपासून वीज करण्याची चर्चा आता आपल्या किनाऱ्यावरही पोचली आहे. मुंबईत भारत पेट्रोलियमच्या १०० किलोवॉटच्या प्रायोगिक प्रकल्पाचा करार २०२५ मध्ये जाहीर झाला. आज ना उद्या कोकणचा नंबर लागणारच. देवबागला पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होडी नेतो, म्हणून हे पत्र.

आमच्याकडचा कुबडवाला डॉल्फिन, म्हणजे गादा, खोल समुद्रातला नव्हे. तो किनाऱ्यालगत, साधारण दहा वावांच्या, म्हणजे साठेक फूट खोलीच्या, आतच वावरतो. कर्ली नदीच्या मुखाशी भरतीबरोबर बोय मासळी आत शिरली की मागोमाग गादे येतात. इंजिन बंद केलं की आधी श्वासाचा फुसकारा ऐकू येतो, मग आईच्या अंगाला चिकटून पिल्लू वर येतं. ही जात जगभर संकटात आहे आणि आपल्या कायद्याने तिला वाघाच्याच अनुसूचीत ठेवलं आहे. लाटांची काही यंत्रं बसतात तीही अशाच उथळ पाण्यात.

सगळी यंत्रं सारखी नसतात, हे मान्य. मुंबईतल्या प्रकल्पाच्या तंत्रात तरंगते भाग धक्क्याला किंवा बंधाऱ्याला जोडतात आणि बाकीची यंत्रणा जमिनीवर राहते. त्याची मला फारशी धास्ती नाही. पण समुद्रात नांगरून ठेवलेल्या यंत्राच्या दोरांना वाहून आलेली तुटकी जाळी अडकणार, आणि अशा जाळ्यात गुरफटलेला गादा श्वासाला वर येऊ शकत नाही. तळात खांब ठोकायचे झाले तर तो आवाज पाण्यातून कितीतरी लांब जातो. गढूळ पाण्यात हा प्राणी आवाजाच्या प्रतिध्वनीवरच वाट आणि भक्ष्य शोधतो.

खरी अडचण पुढेच आहे. लाटांना सर्वांत जास्त जोर जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे यंत्रंही तेव्हाच जोरात चालणार. त्यातल्या जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, आमच्या होड्याही किनाऱ्यावर ओढलेल्या. गादे कुठे असतात, किती असतात, बघायला तेव्हा समुद्रात फारसं कोणी नसतं. थंडीत चार फेऱ्या मारून केलेल्या अहवालावर परवानगी देणं म्हणजे पावसाळ्याबद्दल काहीच न पाहता सही करणं.

उत्तर आयर्लंडमध्ये स्ट्रँगफर्डच्या खाडीत २००८ मध्ये भरती-ओहोटीवर चालणारं टर्बाइन बसवलं, तेव्हा आधीपासून तिथल्या सील या समुद्री प्राण्यांची पाहणी केली होती. सुरुवातीला सील जवळ आला की टर्बाइन थांबवत. निरीक्षणं हाती आली तसतशी ती अट सैल केली. वीजही झाली आणि सीलही राहिले.

आपल्याकडे यंत्र उतरवण्याआधी किमान दोन पावसाळे तळाशी पाण्यातले मायक्रोफोन ठेवावेत. प्रस्तावित जागी तर ठेवावेतच, पण जिथे यंत्र येणार नाही अशा तसल्याच दुसऱ्या जागीही ठेवावेत, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. नोंदी मच्छीमार सोसायट्यांना मराठीत मिळाव्यात, आणि गादे जागा सोडू लागले तर यंत्र बंद करण्याचा अधिकार कोणाकडे, हे परवानगीतच लिहावं.

आपला,
एक होडीवाला, देवबाग, ता. मालवण