ड्रॅगनची हाडे आणि घोरपडीची हत्थाजोडी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ड्रॅगनचा विषय निघाला की मराठी वृत्तपत्रांत चित्र ठरलेले असते: हिरवा देह, वटवाघळाचे पंख आणि तोंडातून आगीचा लोळ. चीनविषयीच्या बातमीलाही हेच चित्र चिकटवले जाते. हे चूक आहे. चिनी ‘लाँग’ला, म्हणजे चिनी ड्रॅगनला, सहसा पंख नसतात आणि तो आग ओकत नाही. तो पाऊस पाडतो, नद्या-समुद्र सांभाळतो. हरणाची शिंगे, कार्प माशाचे खवले, गरुडाच्या नख्या, वाघाचे पंजे अशी त्याची घडण परंपरेने सांगितली आहे. खवल्यांची संख्याही ठरलेली आहे: ११७, त्यांपैकी ८१ यांग आणि ३६ यिन (चिनी विचारातली परस्परपूरक दोन तत्त्वे). पाच बोटांचा पंजा सम्राटाचा मानला जाई. जपानी चित्रांत बहुधा तीनच बोटे दिसतात.

युरोपातल्या ड्रॅगनांचे पाय मोजावेत. ब्रिटिश राजचिन्हांच्या परंपरेत चार पाय आणि दोन पंख असतील तर तो ड्रॅगन, दोन पाय आणि दोन पंख असतील तर वायव्हर्न. वेल्सच्या झेंड्यावरचा लाल प्राणी चार पायांचा आहे. जर्मन प्रदेशातला लिंडवुर्म सापासारखा लांबलचक.

आपल्याकडे या जातीचा सर्वांत जुना प्राणी म्हणजे ऋग्वेदातला वृत्र. पहिल्या मंडलाच्या ३२व्या सूक्तात त्याला ‘अहि’ म्हणजे साप म्हटले आहे आणि त्याचे वर्णन ‘अपाद्, अहस्त’ असे केले आहे. त्यामुळे या सूक्ताशेजारी पाय असलेला वृत्र छापणे मूळ मजकुराला धरून नाही. त्याने पाणी अडवले आणि इंद्राने वज्राने त्याला मारून ते मोकळे केले. चीनचा लाँग पाणी देतो, आपला वृत्र ते कोंडून ठेवतो, आणि दोघांनाही आपण एकाच शब्दाखाली टाकतो. मकर पुन्हा निराळा. तो गंगेचे आणि वरुणाचे वाहन; सोंड हत्तीची, जबडा मगरीचा, शेपटीकडचा भाग बहुधा माशाचा किंवा पानाफुलांच्या नक्षीचा. जुन्या देवळांत गाभाऱ्यातले अभिषेकाचे पाणी ज्या दगडी मुखातून बाहेर पडते, ते अनेकदा त्याचेच असते.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. ड्रॅगनच्या शरीराचा बाजार फार जुना आहे, आणि त्या बाजारात वस्तूचे खरे नाव नेहमीच लपवलेले असते. १७३५ मध्ये हॅम्बुर्गमध्ये सात डोक्यांचा एक ‘हायड्रा’ मोठ्या किमतीला विक्रीला होता. स्वीडनचा तरुण निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने तो तपासला. जबडे आणि पंजे मुंगसासारख्या लहान मांसाहारी प्राण्यांचे निघाले, वरून सापाची कातडी चिकटवलेली. त्याच्याही आधीपासून युरोपात रे माशाला (पाकटाला) कापून, पीळ देऊन, वाळवून ‘ड्रॅगनचे पिल्लू’ म्हणून विकत. या माशाच्या पोटाकडच्या नाकपुड्या वाळल्यावर डोळ्यांसारख्या दिसतात, म्हणून ही फसवणूक सहज खपे. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टला लिंडवुर्मचा जो पुतळा आहे, त्याच्या डोक्यासाठी त्या भागात सापडलेली एक कवटी आधाराला घेतली होती, असे मानले जाते. ती कवटी हिमयुगातल्या लोकरी गेंड्याची होती.

चीनमध्ये औषधांच्या दुकानांत ‘लाँगगू’ म्हणजे ड्रॅगनची हाडे कुटून विकली जात. ती प्रत्यक्षात जीवाश्म असत. चीनच्या प्राचीन शांग राजवटीत भविष्य पाहण्यासाठी वापरलेली, अक्षरे कोरलेली हाडेही याच नावाने विकली गेली. १८९९ च्या सुमारास चिनी विद्वान वांग यिरोंग यांनी ती अक्षरे ओळखली. तोवर चिनी लिपीचे किती जुने पुरावे काढ्यात उकळले गेले असतील, या विचाराने जीव हळहळतो. १९३५ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ राल्फ फॉन क्योनिग्सवाल्ड यांना हाँगकाँगच्या अशाच एका दुकानात एका महाकाय वानराची दाढ मिळाली आणि जायगँटोपिथेकस विज्ञानाला कळला.

असाच बाजार आज आपल्याकडे चालू आहे, आणि त्यात बळी जाते ती घोरपड.

कोमोडो ड्रॅगन म्हणून जो प्रसिद्ध आहे, तो इंडोनेशियातल्या कोमोडो, रिंचा, फ्लोरेस अशा मोजक्या बेटांवर राहतो. १९१२ मध्ये पीटर औवेन्स यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. लांबी तीन मीटरपर्यंत. त्याच्या तोंडातल्या जंतूंमुळे सावज मरते, असे अजूनही छापले जाते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी असल्याचे दाखवले गेले. त्या विषाने रक्त गोठत नाही आणि रक्तदाब उतरतो. हा प्राणी व्हॅरानस या प्रजातीतला (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातला), आणि आपली घोरपडही त्याच प्रजातीतली. (दक्षिण कोकण-गोव्याच्या रानांत आणि पोफळीच्या बागांत दिसणारा उडता सरडा मात्र निराळ्या कुळातला. त्याच्या प्रजातीचे नावच ड्रॅको आहे. लांबलेल्या फासळ्यांवर ताणलेल्या कातडीने तो या झाडावरून त्या झाडावर तरंगत जातो आणि बहुतेक मुंग्यांवर जगतो.)

‘हत्थाजोडी’ या नावाने जी जोडलेल्या हातांसारखी वस्तू शेंदरात ठेवून विकली जाते, ती कोणत्याही झाडाची मुळी नाही. ती नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रिये आहेत. ‘दुर्मीळ वनस्पती’ म्हणून ती ऑनलाइन दुकानांतही विकली गेली. घोरपडीची चरबी सांधेदुखीवर म्हणून विकतात, आणि कातडे पूर्वी गोव्यात घुमट या मातीच्या वाद्याच्या तोंडावर ताणत. घुमटाच्या बाबतीत मार्ग निघाला: आता शेळीचे कातडे लावतात, आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. हत्थाजोडीला असा पर्याय शोधण्याची गरजच नाही, कारण तिचा उपयोगच काही नाही.

भारतात घोरपडीच्या चार जाती आहेत आणि चारही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शिकार किंवा विक्रीला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. घेणाऱ्याने ‘मला मुळी वाटली’ म्हटल्याने अवयव बाळगण्याचा गुन्हा आपोआप पुसला जात नाही.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. ज्योतिष-वास्तूच्या रकान्यासाठी हत्थाजोडीची किंवा घोरपडीच्या तेलाची जाहिरात आली तर ती स्वीकारू नये. आणि ड्रॅगनविषयी मजकूर छापताना लाँग, वायव्हर्न, वृत्र, मकर, घोरपड ही ज्याची त्याची नावे लिहावीत.

पावसाळ्यात घोरपडी घराजवळ, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी जास्त दिसतात, म्हणून वाचकांसाठी थोडे. ती उंदीर, किडे, खेकडे, अंडी, मेलेले प्राणी खाते. माणसाच्या अंगावर स्वतःहून येत नाही. कोंडली गेली तर फुसफुसते, शेपटीचा फटका मारते आणि पकडायला गेलात तर चावते. चाव्याने माणूस सहसा दगावत नाही, पण जखम खोल होते. साबण-पाण्याने धुवून धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. काठीने डिवचू नये, शेपटी धरून ओढू नये. फटीत शिरली की ती अंग फुगवून घट्ट बसते, मग ओढाताणीत तीच जखमी होते. कुत्री बांधावीत, मुलांना बाजूला घ्यावे, बाहेरचे दार उघडे ठेवून दूर व्हावे. बहुतेक वेळा ती आपणच निघून जाते. न गेल्यास किंवा कोणी घोरपड अथवा हत्थाजोडी विकताना दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

आपले,
सरपटणाऱ्या प्राण्यांचे काही अभ्यासक,
सिंधुदुर्ग